उंच मुलाने सेंटर म्हणून कोणाचा खेळ पाहावा? हकीम ओलाजुवॉनची कारकीर्द आणि तिच्यातून शिकण्यासारखं बरंच काही

प्रश्न असा आहे: मुलगा चौदा वर्षांचा, उंची 6 फूट 1 इंच. शाळेच्या संघात त्याला सेंटरला खेळवतात, म्हणजे रिंगखाली हात वर करून उभं करतात. बास्केटबॉलसाठी खो-खो सोड, असंही त्याला सांगितलंय. सेंटर म्हणून व्यावसायिक खेळणाऱ्यांचं आयुष्य कसं असतं, आणि त्याने कोणाचा खेळ पाहावा?

खो-खो सोडायला लावू नका, हे आधी सांगतो. का, ते एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला सेंटर हकीम ओलाजुवॉन याची कारकीर्द पाहिली की कळेल, आणि कोणाचा खेळ पाहावा या प्रश्नाचं माझं उत्तरही तेच नाव आहे. मी बरीच वर्षं शाळा-कॉलेजातल्या उंच मुलांना रिंगजवळचा खेळ शिकवतोय. शॅकिल ओनीलची ताकद कोणाला शिकवता येत नाही. याओ मिंगची 7 फूट 6 इंच उंची तर नाहीच नाही. हकीमचा खेळ मात्र शिकता येतो, कारण तो जवळजवळ सगळा पायांत आहे.

हकीमचा जन्म 21 जानेवारी 1963 रोजी नायजेरियातल्या लागोस शहरात झाला. आईवडिलांचा सिमेंटचा व्यवसाय, घर योरुबा मुस्लिम. शाळेत तो फुटबॉलमध्ये गोलकीपर होता आणि हँडबॉल खेळायचा. पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याने बास्केटबॉल खेळलेलाच नव्हता. अमेरिकेतली मुलं त्या वयापर्यंत सात-आठ वर्षं खेळलेली असतात, म्हणून पुष्कळ जण म्हणतात की हकीमने उशिरा सुरुवात करूनही नाव काढलं. मला ते पटत नाही. त्याची सुरुवात उशिरा झालीच नव्हती, ती दुसऱ्या मैदानांवर झाली होती. गोलकीपरला समोरच्याच्या कमरेवरून त्याची दिशा ओळखावी लागते, कोन बंद करावा लागतो आणि उडी शेवटच्या क्षणापर्यंत राखून ठेवावी लागते. ब्लॉक करणाऱ्या, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेतच अडवणाऱ्या सेंटरला नेमकं हेच यावं लागतं. हँडबॉलमध्ये गर्दीत बॉल पकडून पावलं मोजत निसटायचं असतं. रिंगजवळ पास घेतल्यावर दुसरं काय करायचं असतं?

1980 मध्ये तो ह्यूस्टन विद्यापीठात आला. प्रशिक्षक गाय लुईस यांनी पहिलं वर्ष त्याला सामन्यांत उतरवलंच नाही, फक्त सरावाला ठेवलं. अंग भरायचं होतं, नियम कळायचे होते. पुढच्या वर्षीही तो सामन्यात निम्म्याहून कमी वेळ खेळायचा. या काळातली सर्वांत मोलाची गोष्ट विद्यापीठाच्या कोर्टवर घडलीच नाही. ह्यूस्टनमध्ये फाँडे नावाचं सार्वजनिक क्रीडा केंद्र आहे. उन्हाळ्यात तिथे ह्यूस्टन रॉकेट्सचा सेंटर मोझेस मलोन खेळायला यायचा. मलोन तेव्हा एनबीएमधला सर्वांत धसमुसळा आणि बहुधा सर्वांत चांगला सेंटर होता. 1979, 1982 आणि 1983 असा तीनदा तो एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. कोवळा हकीम रोज त्याच्या अंगावर आपटायचा. मलोन त्याला रेटून रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा परतलेला बॉल काढायचा, आणि फाउलची तक्रार ऐकायला तिथे कोणी नसायचं. आपल्याकडे मुंबईच्या नागपाड्यात मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर वाढलेल्या खेळाडूंना हे वेगळं सांगायला नको. आपल्याहून थोराडांत घुसून खेळल्याशिवाय रिंगखाली पाय रोवता येत नाहीत.

कॉलेजच्या तीन वर्षांत त्याचा संघ कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिन्ही वेळा अंतिम चारात पोचला: 1982, 1983 आणि 1984. 1983 ची अंतिम फेरी त्यांनी नॉर्थ कॅरोलिना स्टेटकडून 54-52 अशी शेवटच्या क्षणी गमावली. शॉट आखूड पडला, लोरेन्झो चार्ल्सने तो हवेतच झेलून रिंगमध्ये घातला आणि सामना संपला. हरलेल्या संघात असूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान हकीमला मिळाला. पुढच्या वर्षी अंतिम फेरीत जॉर्जटाउनच्या पॅट्रिक युइंगने त्याला हरवलं. युइंगचं नाव लक्षात ठेवा.

1984 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिली निवड नाणेफेकीने ठरायची होती. ती ह्यूस्टन रॉकेट्सने जिंकली आणि हकीमला घेतलं. पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी हा सेंटर घेतला, तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला मायकेल जॉर्डन मिळाला. बोवीची निवड आजही चेष्टेचा विषय असते. जॉर्डनला मागे ठेवून हकीमला घेतल्याबद्दल ह्यूस्टनला मात्र फारसं कोणी नावं ठेवत नाही. सेंटरचं वजन त्या काळी काय होतं, हे यावरून कळतं.

ह्यूस्टनकडे 7 फूट 4 इंचांचा राल्फ सॅम्पसन आधीच होता. या दोघांनी 1986 मध्ये मॅजिक जॉन्सन आणि करीम अब्दुल-जब्बारच्या लेकर्सना 4-1 असं गारद केलं. त्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात हकीम मारामारी करून बाहेर काढला गेला होता. जिंकून देणारा शॉट सॅम्पसनने मारला. तरुण हकीमचं डोकं फार लवकर तापायचं. पुढे त्याचा जो शांत चेहरा प्रसिद्ध झाला, तो जन्मजात नव्हता. अंतिम फेरीत बोस्टनने त्यांना 4-2 हरवलं, तरी सगळ्यांना वाटलं की पुढची दहा वर्षं या दोघांचीच.

तसं झालं नाही. सॅम्पसनचे गुडघे गेले, 1987 च्या डिसेंबरात त्याची दुसऱ्या संघात रवानगी झाली. दोन चांगले गार्ड, म्हणजे बाहेरून बॉल खेळवणारे खेळाडू, अमली पदार्थांमुळे निलंबित झाले. 1988 ते 1991 सलग चार वर्षं रॉकेट्स प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत बाद झाले, आणि 1992 मध्ये तर प्लेऑफही हुकले. हकीम स्वतः अफाट खेळत होता. 1988-89 च्या हंगामात त्याने 282 ब्लॉक आणि 213 स्टील (समोरच्याकडून बॉल हिसकावणं) केल्या. एका हंगामात दोन्हींत दोनशेच्या पुढे गेलेला दुसरा खेळाडू नाही. मार्च 1990 मध्ये मिलवॉकीविरुद्ध एकाच सामन्यात 18 गुण, 16 रिबाउंड, 10 असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि 11 ब्लॉक. 1991 मध्ये कोपर लागून डोळ्याभोवतीचं हाड मोडलं. 1992 मध्ये व्यवस्थापनाशी इतकं बिनसलं की त्यांनी त्याला दुखापतीचं सोंग घेतल्याच्या आरोपावरून निलंबित केलं आणि त्यानेही दुसऱ्या संघात पाठवा म्हणून सांगितलं. व्यावसायिक सेंटरचं आयुष्य कसं असतं, असं तुम्ही विचारलंय. एक मोठा भाग असा असतो: तुम्ही रोज तुमचं काम चोख करता, अंगावर मार खाता, आणि संघ हरत राहतो. सेंटरकडे बॉल आपणहून येत नाही, कोणीतरी तो आत द्यावा लागतो. चार सहकारी धड नसतील तर जगातला सर्वोत्तम सेंटरही हात वर करून उभाच राहतो.

या कोरड्या वर्षांतच त्याची प्रसिद्ध चाल पक्की झाली. तिला ‘ड्रीम शेक’ म्हणतात. ‘ड्रीम’ हे टोपणनाव कॉलेजातलं, गाय लुईस यांनी दिलेलं. लोकांना वाटतं ही एक ठरावीक चाल आहे. खरं तर तो निर्णयांचा एक क्रम आहे, आणि तो मी मुलांना तुकडे करून शिकवतो.

पहिला तुकडा बॉल येण्याआधीचा. हकीम पास घेताना छोटीशी उडी घेऊन दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर टेकवायचा. नियम असा की दोन्ही पाय एकदम टेकले तर पुढे कोणताही पाय पिव्होट करता येतो, म्हणजे जागी रोवून त्यावर वळता येतं. म्हणजे डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे त्याने अजून ठरवलेलं नसतं आणि बचाव करणाऱ्यालाही कळायला मार्ग नसतो. आपल्याकडची बहुतेक उंच मुलं एकामागून एक पाय टेकत बॉल घेतात. तिथेच अर्धे पर्याय संपतात.

दुसरा तुकडा पाठीचा. बॉल हनुवटीखाली दोन्ही हातांत घट्ट, कोपरं बाहेर, आणि पाठ-कंबर बचाव करणाऱ्याला टेकलेली. त्याचं वजन कुठल्या बाजूला आहे ते अंगाने कळतं, डोळ्यांनी पाहावं लागत नाही. तो मधल्या बाजूने रेटत असेल तर बेसलाइन, म्हणजे रिंगमागच्या सीमारेषेकडची बाजू, मोकळी आहे.

तिसरा तुकडा म्हणजे हूल. खांदा आणि मान एका बाजूला नेऊन दाखवायची, पाय मात्र जागचे हलवायचे नाहीत. समोरचा एवढ्याने सरकला तर दुसरीकडे वळून सरळ शॉट. नाही सरकला, तर ज्या बाजूला हूल दिली तिकडेच जायचं. तो बरोबर आला, तर शॉट मारतोय असं भासवून त्याला हवेत चढवायचं आणि त्याच्या हाताखालून एक पाऊल टाकत ले-अप, म्हणजे रिंगजवळून अलगद टाकायचा शॉट, घालायचा. काहीच लागू पडलं नाही, तर मागे झुकत उडी मारून शॉट. हकीमने हा सगळा प्रकार फुटबॉलच्या हुलकावणीतून आणल्याचं सांगितलंय. माझा अनुभव असा की खो-खोत पळती केलेल्या मुलाला तिसरा तुकडा शिकवावाच लागत नाही. खांबाजवळ खांदा एकीकडे टाकून दुसरीकडे निसटणं त्याच्या अंगात भिनलेलं असतं. त्याला फक्त हातात बॉल द्यायचा आणि पिव्होटचा नियम सांगायचा. तुमच्या मुलाचा खो-खो बंद करणं मला म्हणूनच मोठं नुकसान वाटतं.

कारकीर्दीला वळण मिळालं ते रूडी टॉमजानोविच प्रशिक्षक झाल्यावर. 1992 च्या फेब्रुवारीत त्यांनी सूत्रं घेतली. त्यांची मांडणी साधी होती: हकीमला रिंगजवळ बॉल द्या, बाकीच्यांनी तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरा. त्याच्यावर दोघे धावले की तो मोकळ्या सहकाऱ्याला बॉल सोडायचा, एकटाच आला तर त्या एकट्याची खैर नसायची. आज सगळं एनबीए अशी मोकळी जागा ठेवूनच खेळतं, पण तेव्हा इतक्या निष्ठेने असं खेळणारे संघ थोडे होते. 1993-94 मध्ये हकीम एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी, तिन्ही एकाच हंगामात ठरला. हे दुसऱ्या कोणालाही जमलेलं नाही.

ती अंतिम मालिका न्यूयॉर्क निक्सविरुद्ध होती, म्हणजे दहा वर्षांनी पुन्हा युइंगसमोर. न्यूयॉर्क 3-2 ने पुढे. सहाव्या सामन्यात ह्यूस्टन 86-84 ने पुढे, काही सेकंद उरलेले. जॉन स्टार्क्स त्या दिवशी पेटला होता. त्याने डावीकडे सरकून तीन गुणांचा शॉट उचलला. तो पडला असता तर विजेतेपद न्यूयॉर्कचं. युइंगला धरून असलेला हकीम तिथून बाहेर झेपावला आणि त्याची बोटं बॉलला लागली. बॉल रिंगपर्यंत पोचलाच नाही. एवढा मोठा माणूस तीन गुणांच्या रेषेपर्यंत वेळेत कसा पोचला? पायांमुळे. सातवा सामना ह्यूस्टनने 90-84 असा जिंकला. सात सामन्यांत हकीमची सरासरी 26.9 गुणांची, युइंगची 18.9.

1995 ची कहाणी मला त्याहूनही आवडते. रॉकेट्स आपल्या विभागात सहावे होते. इतक्या खालच्या मानांकनावरून आजवर दुसरा कुठलाही संघ विजेता झालेला नाही. फेब्रुवारीत कॉलेजचा जुना सोबती क्लाइड ड्रेक्सलर येऊन मिळाला. त्याच महिन्यात रमजान होता. सामन्याच्या दिवशीही हकीम रोजे पाळायचा, दुपारच्या सामन्यात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू तोच निवडला गेला. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत समोर सॅन अँटोनियोचा डेव्हिड रॉबिन्सन आला. त्या हंगामाचा एमव्हीपी रॉबिन्सन होता आणि दुसऱ्या सामन्याआधी त्याला सर्वांसमोर करंडक देण्यात आला. त्या रात्री हकीमने 41 गुण केले. सहा सामन्यांत त्याची सरासरी 35.3 राहिली. रॉबिन्सन दुबळा नव्हता, चपळ होता, उंच होता, बचावात अव्वल होता. तरी तो पुन्हापुन्हा हवेत चढत राहिला आणि हकीम त्याच्या हाताखालून जात राहिला. अंतिम फेरीत तेवीस वर्षांच्या शॅकिल ओनीलच्या ऑर्लँडोला त्यांनी 4-0 असं धुतलं.

पुढचं थोडक्यात. 1993 मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला होता, 1996 मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून सुवर्ण जिंकला. मग शरीर हळूहळू कुरकुरू लागलं: हृदयाचे ठोके अनियमित होणं, पायात रक्ताची गाठ, पाठ. 2001 मध्ये रॉकेट्सनी त्याला टोरोंटोकडे पाठवलं. तिथे 61 सामने, सरासरी 7.1 गुण, आणि 2002 मध्ये निवृत्ती. ते शेवटचं वर्ष पाहताना मला त्रास व्हायचा, पण असा शेवट बहुतेकांच्या वाट्याला येतो हे मुलांना माहीत असावं. एकूण 26,946 गुण, 13,748 रिबाउंड आणि 3,830 ब्लॉक. ब्लॉकचा हा विक्रम अजून टिकून आहे. अर्थात ब्लॉकची नोंद 1973-74 पासून सुरू झाली, त्यामुळे बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेनचे ब्लॉक यात धरलेले नाहीत, हे न सांगणं अन्याय होईल. नंतर त्याने ह्यूस्टनमध्ये जमीनजुमल्याच्या व्यवहारात पैसा केला, तोही धर्मामुळे व्याजाचं कर्ज न काढता. कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्ससारखे खेळाडू, जे सेंटर नव्हतेच, त्याच्याकडे पायांचं काम शिकायला जात.

18 हंगाम टिकणं या जागेसाठी किती दुर्मीळ आहे, ते त्याच्या आसपासच्या लोकांवरून दिसतं. बोवीचा पाय पुन्हापुन्हा मोडला. सॅम्पसनचे गुडघे तिशीच्या आतच गेले. हकीम गेल्यावर वर्षभराने ह्यूस्टनमध्ये आलेला याओ मिंग पायाच्या हाडांना वारंवार तडे गेल्यामुळे 2011 मध्ये, तिसाव्या वर्षी थांबला. जितकं शरीर मोठं, तितका भार पाऊल आणि गुडघ्यावर. हकीमची नोंद 7 फुटांची असायची, पण तो प्रत्यक्षात 6 फूट 10 इंचांच्या आसपास होता, आणि माझ्या मते हे त्याचं भाग्य होतं.

आपल्याकडचं उदाहरण सतनाम सिंगचं. पंजाबातल्या बल्लो के गावचा, 7 फूट 2 इंचांचा हा मुलगा लुधियानाच्या अकादमीतून 2010 मध्ये फ्लोरिडाला गेला, आणि 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. भारतात जन्मलेला खेळाडू एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिल्यांदाच निवडला गेला. मुख्य संघाकडून मात्र त्याला खेळायला मिळालं नाही. ज्या वर्षी तो निवडला गेला, त्याच वर्षी गोल्डन स्टेट वॉरियर्स कमी उंचीच्या, धावत्या संघाच्या जोरावर विजेते झाले. सेंटरला तीन गुणांच्या रेषेपर्यंत धावून गार्डला अडवावं लागू लागलं, आणि नुसतं रिंगखाली उभं राहण्याचं काम एनबीएतून जवळपास नाहीसं झालं. आजचा सर्वांत मोठा सेंटर निकोला योकिच फार उंच उडी मारत नाही, फार वेगाने धावतही नाही. 2014 मध्ये तो 41 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि तीनदा एमव्हीपी झाला, तो पावलं, हात आणि पास यांच्या जोरावर.

आता तुमच्या मुलाबद्दल. चौदाव्या वर्षी 6 फूट 1 इंच असलेला मुलगा शाळेत सेंटर असतो, पण तो पुढे 6 फूट 4 इंचांवर थांबला तर वरच्या पातळीवर त्याला गार्ड किंवा फॉरवर्ड खेळावं लागेल. रिंगखाली हात वर करून घालवलेली वर्षं तेव्हा उपयोगी पडत नाहीत. शाळेच्या प्रशिक्षकांशी नीट, आदराने बोला. सामन्यात सेंटर खेळवा, पण सरावात त्याला ड्रिबल, पास आणि बाहेरचा शॉट बाकीच्यांइतकाच मिळू द्या, एवढंच मागा. खो-खो आठवड्यातून दोन दिवस तरी राहू दे. घरी अंगणात बॉल भिंतीवर मारून दोन्ही पाय एकदम टेकवत पकडणं, मग एका पायावर गिरकी, मग दुसऱ्या, असं रोज थोडा वेळ पुरे. 1995 च्या रॉबिन्सनविरुद्धच्या मालिकेतला दुसरा सामना त्याला दाखवा आणि हकीमच्या कमरेखालीच बघायला सांगा.

गुडघ्याच्या वाटीखालच्या उंचवट्यावर दुखत असेल तर अंगावर काढू देऊ नका. उंची झपाट्याने वाढताना हे बऱ्याच मुलांना होतं. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तितके दिवस उड्या बंद ठेवा. बूट महागच हवेत असं नाही. ऐन भरात असताना हकीमनेच गरिबाघरच्या मुलांना परवडावेत म्हणून सुमारे 35 डॉलरच्या बुटांना आपलं नाव दिलं होतं. पण आपल्या शाळांची कोर्ट बहुतेक सिमेंटची असतात, तळवा झिजला की सगळा धक्का टाचेत जातो. मुलाच्या मापाचा बूट दुकानात लगेच मिळणार नाही, आधीच मागवून ठेवा, आणि तो येईपर्यंत घट्ट बुटांत त्याला खेळवू नका.